फाटकावरचा नकार

ती. विनिफ्रेडताईस,

धाकट्या ऑसवल्डचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा कमरेपर्यंतच मानून घे). तुझा खोकला आणि तुझं मांजर, दोन्ही नरमले असतील अशी आशा आहे.

ताई, ‘रिफ्यूज’ शब्दाच्या सुरुवातीला जोर दिला की कचरा आणि शेवटी दिला की नकार, हे तू मला कान पिळून शिकवलंस. पण पाटी वाचताना जोर कुठे द्यायचा, ते राहिलंच. आम्हा घोडेवाल्यांना तर एकच अर्थ ठाऊक: घोडी दौडत येते, कुंपणापाशी उडी नाकारून अडते आणि आपण एकटेच पलीकडे जातो.

तर रविवारी चर्चमधून परतताना मी शेजारच्या बेरिलबाईंना लग्नाचं विचारलं. विचारलं म्हणजे काय, आधी पावसावर बोललो, मग त्यांच्या वाटाण्यांवर, आणि शेवटी एका दमात सगळं ओकून, “घाई नाही, उत्तर फाटकावर लावा!” असं ओरडत पळालो. (तोंडावर नकार ऐकायची आपल्या खानदानात कुणाची छाती आहे?)

सकाळी बघतो तर फाटकावर हातभर पाटी: ‘रिफ्यूज’! नाही म्हणावं माणसाने, पण इतक्या मोठ्या अक्षरांत? मी अंथरूण धरलं. खरं सांगतो, रडलो. मंगळवारी घोडीला दाणे आणायला निघालो, तर पाद्रीबाबांच्या फाटकावरही तोच नकार! त्यांना तर मी काही विचारलंच नव्हतं. पुढे दुधवाल्याकडेही तेच. अख्ख्या गावाने मला नाकारलं म्हणावं, तोच नगरपालिकेची मंगळवारची कचरागाडी आली, आणि गाडीवरही तीच पाटी!

बेरिलबाई डबा घेऊन बाहेर आल्या आणि मला बघताच कडाडल्या, “काय हो, उत्तर मागता आणि दोन दिवस फिरकत नाही? होकाराची निळी फीत बांधून वाट बघताना माझे डोळे थकले!” फीत होती, ताई. त्या मेल्या पाटीखाली! मी तिथेच, कचऱ्याच्या डब्यासकट, त्यांना मिठी मारली. फार सुखात आहे गं.

तुझा,
ऑसवल्ड

ता. क. आईची अंगठी तुझ्या बोटात आहे, ती बेरिलसाठी हवी होती.

ता. क. २ द्यायची नसेल तर खुशाल ‘रिफ्यूज’ लिहून फाटकावर लाव. मंगळवारी येऊन उचलून नेऊ.