दिव्यासाठी वर केलेला हात

माँतेविदेओ,
गुरुवार

चिरंजीव हेबर यास तुझ्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. ग्लॅडिसच्या गुडघ्याला आता आराम असेल, तुझ्या बागेतली संत्री यंदा गोड निघाली असतील, आणि डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेले तळलेले खाणे तू खरोखर बंद केले असशील, असे मी धरून चालते. (शेवटचे धरून चालणे जरा जड जाते.) आम्ही दोघे प्रकृतीने बरे आहोत. बाकी काहीच बरे नाही. हे फोनवर सांगितले असते, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस, आणि मोबाइलवर लिहिले तर नुसता अंगठा पाठवून मोकळा होतोस. म्हणून पत्र. बसून वाच.

आमचे हे फनाल फुटबॉल क्लबचे अध्यक्ष झाले ही बातमी ऐकून तू फोनवर इतका ओरडलास की शेजारच्या बाईंनी भिंत ठोकली. पण ते कसे झाले हे तू विचारले नाहीस. बेंतांकोर इतकी वर्षे अध्यक्ष होता, आणि त्यातली निम्मी वर्षे सगळी वस्ती त्याने जावे म्हणून ओरडत होती, हे तुला आठवत असेल. साबणाच्या कारखान्याच्या भिंतीवर कोणी तरी हातभर अक्षरांत ‘बेंतांकोर, जा’ असे रंगवले होते. शेवटी तो खरेच गेला. त्या रात्री क्लबात लोक गळ्यात गळे घालून रडले, आणि सकाळी पाहते तर त्याच भिंतीवर, त्याच रंगाने, ‘जा’च्या पुढे ‘ऊ नकोस’ जोडलेले. अक्षरे मात्र सरळ रेषेत होती. तेवढेच समाधान.

नवा अध्यक्ष निवडायला सभा बोलावली. आमचे हे तिथे गेले ते प्रेक्षकांच्या मुतारीतल्या दिव्याची तक्रार करायला. (तो दिवा बेंतांकोरच्या पहिल्या वर्षी गेला होता. दिवा आला नाही, बेंतांकोर राहिला.) ‘कुणाला पुढे यायचंय?’ असे व्यासपीठावरून विचारले तेव्हा यांनी हात वर केला, कारण यांना वाटले आता प्रश्न विचारायची वेळ झाली. दुसऱ्या कोणाचाही हात वर नव्हता. टाळ्या पडल्या, ढोल वाजले, आणि जन्मभर लोकांच्या दाढा काढलेला माणूस, ज्याला घरात पडद्याचा रंगसुद्धा ठरवता येत नाही, तो गळ्यात हिरवा-तांबडा पट्टा घालून घरी आला. मी विचारले, दिव्याचे काय झाले? म्हणाले, ते विचारायचे राहूनच गेले.

पहिला सामना हरलो. गोलरक्षकाने चेंडू झेलला आणि तसाच मागे सरकत जाळ्यात गेला. दुसरा हरलो, कारण पावसाने आमच्या बाजूच्या मैदानाचे तळे झाले आणि त्यांच्या बाजूचे नाही. तिसऱ्यात चेंडू दोनदा खांबाला लागून परत आला. आता याचे कारण कोणालाही दिसावे. बेंतांकोरने जाता जाता आघाडीचा एकुलता एक धड खेळाडू होंडुरासला विकला, आणि त्याच्या जागी आता जो मुलगा खेळतो त्याला गोल कुठल्या बाजूला करायचा हे मध्यंतरानंतर पुन्हा सांगावे लागते. पण कारण समोर उभे असले की आपले लोक त्याच्या मागे काय लपले आहे ते बघायला जातात. ओलिदेन खाटकाने दुकानात, सुरी हातात घेऊन, जाहीर केले की नवा अध्यक्ष मुफा आहे.

मुफा म्हणजे काय हे तुला सांगायला नको. ज्याच्या पायगुणाने नव्हे, नुसत्या नावाने चेंडू खांबाला लागतो, तो. त्याचे नाव घ्यायचे नाही. चुकून कानावर पडलेच तर बायकांनी डाव्या छातीला हात लावायचा आणि पुरुषांनी डाव्या खिशात हात घालायचा. (खिशात कशासाठी, ते मी लिहिणार नाही.) दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत यांना नाव उरले नाही. कोणी ‘ते दातवाले’ म्हणते, कोणी ‘अमुक’, आणि पेपरवाला तर नुसता भुवईने आमच्या दाराकडे बघतो. मी मांस आणायला गेले तर रांगेतल्या सगळ्या पुरुषांचे हात एकदम खिशात गेले. मला वाटले, पैसे काढताहेत. कळस म्हणजे ज्या संतावरून यांचे नाव ठेवले त्याचा सण आला तेव्हा पाद्रीबुवांनी, जे स्वतः फनालचे सभासद आहेत, पूर्ण प्रार्थनेत ‘आजचे संत’ एवढेच म्हणून वेळ मारून नेली. संताचे नाव घेतले नाही! देवळात! मी बाहेर पडताना त्यांना विचारले, तर घसा बसल्याचे सांगितले.

परवा संध्याकाळी शिष्टमंडळ आले. ओलिदेन, ढोलवाल्या पथकाची पुढारी निबिया, आणि स्वतः बेंतांकोर, जो आता इतका लोकप्रिय झाला आहे की चालताना हात हलवतो. बेकरीतल्या बिस्किटांचा पुडा आणला होता, तेव्हाच मी ओळखले की काही तरी मागायला आले आहेत. ओलिदेनला मी मुद्दाम यांच्या दवाखान्यातल्या, दात काढायच्या जुन्या खुर्चीत बसवले आणि वरचा दिवा लावला. रविवारी एस्पिनियो संघाशी हंगामातला शेवटचा सामना आहे. हरलो तर फनाल हौशी संघांत जाऊन पडणार, आणि तिथून कोणी वर येत नाही, क्लबाला कुलूपच लागते. म्हणून त्यांची नम्र विनंती अशी होती की अध्यक्षांनी रविवारी मैदानात येऊ नये.

‘बाई, माणूस सोन्यासारखा आहे,’ ओलिदेन दिव्याखाली डोळे बारीक करून म्हणाला. ‘फक्त रविवारी नदीपलीकडे असला तर बरं. बोटीचं तिकीट आम्ही काढतो.’

मी म्हटले, ‘ओलिदेन, तू माझ्या वर्गात अपूर्णांकांत नापास झाला होतास.’

‘अपूर्णांकांचा इथं काय संबंध, बाई?’

‘तो तुला तेव्हाही कळला नव्हता.’

निबिया हसली, बेंतांकोर बिस्किटे खात राहिला, आणि हे मात्र उठले आणि म्हणाले की क्लबाचे भले होत असेल तर आपली हरकत नाही. हेबर, या माणसाला त्याच्या वडिलांनी सहा वर्षांचा असताना फाटकाजवळच्या पायरीवर बसवले, तेव्हापासून तो तिथेच बसतो. आमच्या लग्नाची तारीखसुद्धा सामना नसलेला शनिवार बघून ठरली होती. ते लोक गेल्यावर यांनी गळ्यातला पट्टा काढला, इस्त्री केला (इस्त्री करता येते हे मला इतक्या वर्षांनी कळले) आणि हिवाळ्याच्या कपड्यांखाली ठेवून दिला. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या मागे उभे राहिले.

‘आयदे, त्यांचं खरं असलं तर?’

मी भांडी घासत होते. एक बशी दोनदा घासली गेली. मी त्यांना संभाव्यता समजावून सांगितली, होंडुरास समजावून सांगितले, खांबाची जाडी आणि चेंडूचा व्यास समजावून सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले, आणि म्हणाले की गणित बरोबर आहे, पण नदीपलीकडेही रेडिओ लागतो.

सकाळी मी खाटकाकडे गेले. रांग होती, ते बरेच झाले. म्हटले, ‘रविवारी हे त्यांच्या पायरीवर बसतील आणि शेजारी मी बसेन. ज्याला खिशात हात घालायचा असेल त्यानं आधी माझ्याकडे बघावं.’ ओलिदेनने मांस नीट तोलले आणि हाड घातले नाही. मी जन्मात मैदानात पाऊल टाकलेले नाही हे तुला माहीत आहे. आता थंडीत त्या सिमेंटवर बसायचे, येर्बाच्या चहासाठी गरम पाण्याचा थर्मास काखेत धरायचा, आणि न कळणाऱ्या गोष्टीवर मत द्यायचे. पण शाळेत मुलांना शिकवलेले मला घरात मोडता येणार नाही. माणसाच्या नावाने चेंडू वळत नाही. हे मी पन्नास जणांपुढे म्हणाले आणि पुन्हा म्हणेन.

ग्लॅडिसला सांग, गुडघ्याला शेक दे आणि तुझ्या ताटात काय आहे ते बघत जा. कळावे.

तुझी ताई,
आयदे

ता. क. तू रविवारी सामन्याला येतोस, असे ग्लॅडिसने कळवले आहे. येऊ नकोस. संत्री बसने पाठव. तू आलेला प्रत्येक शेवटचा सामना फनाल हरले आहे, तुझ्यामुळे असे माझे म्हणणे नाही. पण ग्लॅडिसने असेही लिहिले आहे की तू फनालचे सामने ऐकायला नवा रेडिओ घेतलास. कधी घेतलास, हे मी तिला विचारले. आमचे हे अध्यक्ष झाले त्याच आठवड्यात. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, आणि लोकांनी त्यांतली चुकीची पकडली. रविवारी रेडिओ उचलून कुलपाच्या कपाटात ठेव, आणि ग्लॅडिसला किल्ली दे. ही अंधश्रद्धा नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची असते, हे मी तुलाही शिकवले होते.

ता. क. २. पत्र वाचून झाल्यावर कदाचित तुझ्या लक्षात येईल की तुझ्या मेहुण्यांचे नाव मी यात एकदाही लिहिलेले नाही. बायकोने नवऱ्याचे नाव घेऊ नये म्हणून असेल, असे ग्लॅडिसला सांग. तू तसे समजू नकोस. रविवार एकदा पार पडू दे.