माया न सोडता

३ नोव्हें., सोम.
आज परत फजिती. प्रवीणसाठी शिवलेली पोहायची चड्डी पाण्यात गेली अन् फुगली. मी बोदलकसा तलावाच्या काठावर, हा आत. वर आला तो एक हात कमरेला धरून. "ताई, पाणी भरून रायलं ना आत! पोहू का चड्डी धरू?"
गेल्या वर्षी जीवरक्षकाच्या भरतीत हेच झालं. ती विकतची होती. उडी मारली तशी घसरली, एका हाताने पोहला, शेवटचा आला. लोक हसले ते वेगळंच. मिडियम कमरेत ढिली, स्मॉल मांडीत रुतते, असलं अंग माझ्या भावाचं. वयाच्या अटीत तो बसेल अशी ही शेवटची भरती. १७ला, नागपूर. बर्म्युडा चालत नाही.
वीस वर्षं ब्लाउज शिवते मी. एक चड्डी जमू नये?

५ नोव्हें., बुध.
गोंदियाहून नवं कापड आणलं. दुकानदार म्हणे, "दीदी, चारों तरफ खिंचता है." खोटारडा. एकाच बाजूने ताणतं. कळलं तेही कापल्यावर. ताण आडवा पाहिजे होता, उभा गेला. अर्धा मीटर वाया. आधी ओढून पाहायला काय झालं होतं मला! राग मात्र प्रवीणवर काढला. नीट जेवला नाही तो.

७ नोव्हें., शुक्र.
दुसरी जमली असं वाटलं. घालून खाली बसला, टर्र! मागची शिवण गेली. कापड ताणतं, सरळ टीप ताणत नाही, दोरा तुटतो. पुष्पाकडे गेले. बसस्टँडजवळ फॉल-पिको करते ती. तिच्या मशीनवर नागमोडी टीप मारली. धरते. पण चड्डी ढिलीच. पुष्पा म्हणे, "येवढी मोठी कायले कापली वो? दोन प्रवीण जातीन." मला नाही आलं हसू.

९ नोव्हें., रवि.
गेल्या वर्षीची विकतची उसवून पाहिली. पहिल्याच दिवशी करायचं होतं हे. पण अक्कल...
मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच. मांडीचं इलास्टिक मागे ताणून, पुढे सैल. आणि कापड अंगापेक्षा लहान! प्रवीणच्या सीटच्या घेरापेक्षा तीन इंच कमी, तरी त्याला ढिली झाली होती. दोनदा मोजलं.
म्हणजे माया सोडायचीच नाही. उलट मापातून घटवायचं. बाबा टेलर, त्यांनीच शिकवलं मला : शिवणीत दोन बोटं माया ठेव, अंग भरतं, उसवून वाढवता येतं. मापापेक्षा कमी कापतो तो टेलर चोर.

११ नोव्हें., मंगळ.
घटवून खडूची रेघ मारली. कात्री रेघेच्या बाहेरूनच गेली. दोनदा. हातच वळत नाही.
आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा. शाळेचे शर्ट-पँट मीच शिवले, पुढच्या वर्षीही यावेत म्हणून सैल. पोरं त्याला 'गोणी' म्हणायची, हे आज सांगतोय. इतक्या वर्षांनी! "ताई, तू माह्या मापाचं कधी शिवलंच नाही."
लागलं मला. पण खोटं नाही बोलला.

१४ नोव्हें., शुक्र.
कापली. पाच इंच कमी, मागे उंच. माप उभ्याने नाही, वाकवून घेतलं. पुष्पाकडे शिवली. हातात धरली तर लहान लेकराची वाटते.
घालताना चिडला. "जाऊनच नाही रायली! मांडी कापून रायली." म्हटलं, ओली झाली की सैलावते. "अन् नाही सैलावली त? फाटली त, सगळ्याईसमोर?"
तलावावर चल म्हटलं तर अंगात कणकण. भरती तोंडावर, ताप नको म्हणून मीही ओढून नेलं नाही. म्हणजे पाण्यात पाहिलीच नाही. वर म्हणतो, त्या ७ तारखेच्या ढिलीला नाडी घालून दे. दिली. आदळआपट करतच.

१७ नोव्हें., सोम.
सकाळच्या गाडीने गेला. दोन्ही चड्ड्या मीच पिशवीत ठेवल्या होत्या. "येतो ताई," एवढंच.
आत्ता त्याची खाट आवरली. उशीखाली नाडीवाली. घडी करून ठेवलेली.
म्हणजे माया न सोडलेली तेवढी एकच नेली त्यानं.
सकाळचे अकरा वाजले, पाण्यात उतरला असेल. फोन बंद लागतोय. मागच्या शिवणीवर दुसरी टीप मारली होती का मी? आठवत नाही.