आप्पांना उतरता येत नाही

॥ श्री ॥
महाळुंगे, ता. १७ जानेवारी १९५५

ती. दादास,
कुसुमचा कृ. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली तुझ्या पत्राआधीच घरी पोचली. काल शेजारची छबूबाई चाकणला गेली होती. तू स्टँडासमोर मित्रांबरोबर भजी खात बसला होतास, चार सायकली झाडाला टेकवल्या होत्या, आणि तू पूर्वीपेक्षा काळा झाला आहेस, एवढं सगळं तिने आईला सांगितलं. आईने विचारलं, जाडजूड झालाय का, तर तेवढं मात्र तिने पाहिलं नव्हतं. चाकण इथून तीन मैल. दर दोन आठवड्यांनी तू तिथवर येतोस आणि माघारी फिरतोस. आईने तिळगुळातले चार लाडू अजून डब्यात ठेवले आहेत.

आता खरी बातमी. आप्पांची बदली करंजविहिऱ्याच्या शाळेवर झाली आहे. सोमवार, ७ मार्चला हजर व्हायचं. सात मैल जायचं, सात यायचं, आणि त्या अंगाला एस. टी. नाही. परवा आप्पा रस्ता पाहायला म्हणून चालत जाऊन आले, तर रात्री गुडघा नारळाएवढा झाला. पेन्शनला दोनच वर्षं उरली आहेत, आणि ते राजीनाम्याचा मसुदा लिहीत बसतात. त्या गावात खोली घेऊन राहा म्हटलं तर आईला दम्यात एकटी सोडायला तयार नाहीत.

मी भीत भीत सायकलचं नाव काढलं. आप्पा म्हणाले, जे वाहन स्वतः उभं राहू शकत नाही ते मला काय पोचवणार. पण ओरडले नाहीत. दोन वर्षांपूर्वी तू शाळामास्तरकी सोडून दापोडीच्या वर्कशॉपात गेलास तेव्हा जसे ओरडले होते तसे मुळीच नाहीत. काहीतरी सुचव.

माझा फायनल परीक्षेचा अभ्यास ठीक. लोभ आहेच, त्यात भर पडली तर मी नको म्हणणार नाही.
तुझी,
कुसुम


॥ श्री ॥
चिंचवड, ता. २१ जानेवारी १९५५

चि. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी जाडजूड झालेलो नाही, असं आईला सांग. आठवडाभर इथून दापोडी आणि दापोडीहून इथे, आणि रविवारी त्याहून जास्त. अंगावर मांस धरायला सवड कुठे?

आमची रविवारची मंडळी तुला नीट सांगितलीच नाही. बाळाजी माझ्या शेजारच्या लेथवर असतो, नांदेडकडचा. चढ आला की गाणं म्हणतो आणि उतार आला की गप्प होतो, असा उलटा माणूस. बिरू भोसरीचा. त्याच्या सायकलला ब्रेक नाही, तो मागच्या चाकाला चप्पल लावून थांबतो, म्हणून त्याला नेहमी पुढे ठेवतो. आणि दौलतराव. ते आमच्या ऑफिसात कारकून, वय पन्नास, धोतर, कोट, टोपी. चाळिशी उलटल्यावर सायकल शिकले. सकाळी सहाला चिंचवडच्या पुलावर सगळ्यांत आधी तेच उभे असतात. देहू, तळेगाव, आळंदी, चाकण, जिकडे रस्ता सपाट आणि चहा बरा तिकडे आम्ही जातो. गेल्या खेपेला मोशीच्या चढावर बाळाजीची चेन तुटली, तर त्याला दोरीने ओढत आणला. दोरी माझ्या कॅरिअरला होती, गाणं त्याचंच चालू होतं.

आप्पांचं वाचलं. मी आलो तर ते खळ्यातून उठून जातील. शाळा सोडून लोखंड घासणाऱ्याने या घराची पायरी चढू नये, हे त्यांचे शब्द मी विसरलेलो नाही, आणि तेही विसरले नसतील. पण दौलतराव येऊ शकतात. येत्या ३० तारखेला ते पाणी प्यायला म्हणून आपल्या दाराशी थांबतील. पुढचं त्यांच्यावर सोड. ते माझी सायकल घेऊन येतील आणि सरावासाठी तिथेच ठेवतील, परत बाळाजीच्या मागे बसून येतील. ती माझी आहे हे मात्र बोलू नकोस. शिकवण्याच्या चार सूचना मी कागदावर लिहून त्यांच्याजवळ देतो.

आईला नमस्कार. लाडू मुंग्यांच्या हवाली करू नकोस.
तुझा,
अर्जुनदादा


॥ श्री ॥
महाळुंगे, ता. ७ फेब्रुवारी १९५५

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

तुझे दौलतराव म्हणजे नाटकात हवे होते. पाणी प्यायले, गूळ खाल्ला, आप्पांबरोबर पाऊण तास मोडी लिपीवर बोलले, आणि मग सहज म्हणाले की गुडघेदुखीवर पायडल मारण्यासारखं औषध नाही, माझाही गुडघा असाच होता. आप्पांनी नाडी तपासावी तशी ती सायकल पाहिली. मग कोट काढून खुंटीला लावला. आईने देवापुढे निरांजन लावलं.

पहिल्या रविवारी खळ्यात सहा वेळा पडले. सातव्यांदा कुशाबाईच्या कांद्याच्या वाफ्यात गेले. कुशाबाई धावत आली, आणि म्हणाली, “गुरुजी, लागलं न्हाई ना? कांदं काय, पुन्ना लावू आमी.” शाळेतली पोरं कुंपणावर रांगेने बसली होती. आप्पांनी उठून धोतर झटकलं आणि त्यांना सतराचा पाढा म्हणायला लावला. पोरं पळाली.

नंतर आठवडाभर रोज पहाटे मी कॅरिअर धरून पळत होते. काल दुसऱ्या रविवारी त्यांनी दौलतरावांसमोर खळ्याला अकरा फेऱ्या मारल्या, कोणी न धरता! आई पदर तोंडाला लावून बघत होती. इतक्या फेऱ्या का, तर आप्पांना उतरता येत नाही. थांबायची वेळ आली की ते कडब्याच्या गंजीत जाऊन घुसतात. करंजविहिऱ्याच्या शाळेपुढे गंजी नसली तर काय करायचं, असं आई विचारते आहे.

दौलतराव निघताना आप्पांनी तुझा सूचनांचा कागद मागून घेतला, तांबडी शाई घेऊन बसले आणि मग परत दिला. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. तू कळव.

तू कामावर कसा जातोस? तुझी सायकल आमच्या पडवीत आहे, हे मला उशिरा सुचलं.
मायेत तूट पडू देऊ नकोस.
कुसुम


॥ श्री ॥
चिंचवड, ता. ११ फेब्रुवारी १९५५

चि. कुसुम हीस आशीर्वाद.

मी चालत जातो. कधी बाळाजीच्या मागे बसतो, पण पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्याचं काम चालू आहे, तिथे हवालदार उभा असतो. त्याने परवा आम्हाला डबलसीट पकडून उतरवलं. बाळाजी त्यालाही गाणं म्हणून दाखवू लागला, तेव्हा त्याने लवकर जा म्हणून सोडलं.

तो कागद माझ्यापुढे आहे. मी ‘उतरतांना’ लिहिलं होतं, त्यातलं टिंब खोडलं आहे. ‘पाहीजे’ची वेलांटी ऱ्हस्व केली आहे. असे नऊ ठिकाणी तांबडे. आणि खाली, त्यांच्या त्या कोरलेल्या अक्षरात, एक ओळ आहे: “अक्षर पूर्वी बरे होते.”

कुसुम, त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला बाराखडी त्यांनी गिरवायला लावली, माझं अक्षर त्यांच्यापासून लपेल असं मला वाटलं तरी कसं? माहीत असूनही ते शिकत राहिले. दौलतराव म्हणतात, काहीही बोलू नकोस, चालू दे. म्हणून चालू देतो.

रविवारी आम्ही तळेगावला जाणार आहोत, मी बिरूच्या भावाची सायकल घेऊन. चाकणला थांबायचं आता नको वाटतं. तिथून घराकडचा रस्ता दिसतो.

आईला जप. तुम्हा सर्वांची आठवण धरून असलेला,
अर्जुनदादा


॥ श्री ॥
महाळुंगे, ता. २३ फेब्रुवारी १९५५

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र मिळताच वाच आणि वाचताच निघ.

गेल्या रविवारी दौलतराव आले नाहीत. काल त्यांचं कार्ड आलं की ताप येतो आहे, तळेगावला लेकीकडे पडून आहेत, महिनाभर सायकल बंद. ७ तारखेला बारा दिवस राहिले, आणि आप्पांना अजून उतरता येत नाही. सोमवारी गंजीशेजारी बैलगाडी उभी होती, तिच्यावर आदळून त्यांच्या हाताला खरचटलं. मंगळवारी सायकलला हात लावला नाही. राजीनाम्याचा मसुदा पुन्हा बाहेर आला.

काल रात्री आम्ही जेवताना आईने मध्येच भाकरी थापणं थांबवलं. दम लागत होता तिला. म्हणाली, दोघंबी शिकल्याली माणसं, आन् दोघांनाबी एवढं कळत न्हाई. आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मग मला म्हणाले, “चाकणला येऊन जो माघारी फिरतो, त्याला लिही. रविवारी तीन मैल पुढे ये म्हणावं.”

मी शब्द न शब्द लिहिला आहे. ऱ्हस्वदीर्घ तपासून.
वाट पाहणारी,
कुसुम


॥ श्री ॥
चिंचवड, ता. २८ फेब्रुवारी १९५५

ती. दौलतराव यांचे सेवेशी,
सा. न. वि. वि.

ताप उतरल्याचं तुमच्या जावयांच्या चिठ्ठीवरून कळलं. तुमची सायकल मी वापरतो आहे, घंटी रोज पुसतो, काळजी नसावी.

काल आम्ही तिघं गेलो. चाकणला चहासुद्धा घेतला नाही. बाळाजी चढ असो उतार असो, पूर्ण गप्प होता, यावरून काय ते समजा. गावाच्या अलीकडे मी उतरलो आणि चालत गेलो. आप्पा खळ्यात सायकल धरून उभे होते. केस दोन वर्षांत सगळे पांढरे झाले आहेत. मी पायांवर डोकं ठेवलं. ते म्हणाले की उशीर झाला, ऊन चढतंय, धर मागून. एवढंच.

मी मागून धरून पळालो. दोन फेऱ्यांत मला जे दिसलं ते तुम्हाला सांगतो, पण रागावू नका. सीट! ती सायकल माझ्या उंचीची. आप्पा माझ्यापेक्षा वीतभर बुटके. त्यांचे पाय पायडलला कसेबसे पोचत होते, जमिनीला कुठून पोचणार? तुम्ही उंच, मी उंच, कुसुमला काय माहीत. आपण सगळे त्यांना उतरायची भीती वाटते म्हणत होतो, आणि भीती बरोबरच होती.

मी पिशवीतून पाना काढला. सीटचा नट गंजला होता, तेल सोडून, ठोकून, सैल केला. सीट पार खाली घेतली, हँडल थोडं वर उचललं. मागची चेन ढिली होती ती ताणली, ब्रेकचे रबर फिरवून बसवले. अर्धा तास गेला. आप्पा शेजारी उकिडवे बसून सगळं पाहत होते, जसे ते पाटीवर लिहिणाऱ्या मुलाकडे पाहतात. मी चाक फिरवून दाखवलं, तेव्हा म्हणाले, “हात बसलाय तुझा.”

दौलतराव, सात वर्षं मी त्यांच्या वर्गात होतो. हे वाक्य ते मुलांना वर्षातून एकदा-दोनदा म्हणायचे. माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मला वर बघवेना, म्हणून मी पुन्हा एकदा चेन पाहिली.

मग ते बसले, एक फेरी मारली, ब्रेक दाबला, दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि उभे राहिले. गंजी दहा हात लांब होती. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. असे वीस वेळा. बिरू त्यांना चपलेने थांबायची रीत दाखवायला निघाला होता, त्याला आम्ही आवरलं. आईने आम्हा तिघांना वाढलं, आणि तिळगुळाचे लाडूही दिले. दगड झाले होते. बाळाजीने दोन खाल्ले.

सायकल त्यांच्याकडेच ठेवली. तब्येतीला जपा. आपल्या आशीर्वादावर आमची रविवारची मंडळी चालते, ती चालत राहो.
आपला,
अर्जुन


॥ श्री ॥
महाळुंगे, ता. ८ मार्च १९५५

चि. अर्जुन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, काल सोमवारी करंजविहिरे येथील शाळेत वेळेवर हजर झालो. सकाळी साडेआठला निघालो. दोन ठिकाणी ओढे लागतात, तेथे उतरून सायकल हाताने नेली. एका चढावर धाप लागली म्हणून चाललो. इतर सर्व वाट बसून गेलो. पडलो नाही. शाळेपुढे मुले व गावकरी उभे होते. त्यांच्यासमोर ब्रेक दाबून उतरलो. कोणास त्यात काही विशेष वाटले नाही, हेच मला विशेष वाटले. पटावर एकतीस मुले आहेत, पैकी अकरा हजर. उरलेल्यांच्या घरी शाळा सुटल्यावर सायकलवर फिरण्याचा विचार आहे. राजीनाम्याचा कागद तुझ्या आईने चुलीत घातला.

परत येताना वाटेत वारा अंगावर होता व उतार होता. त्रेपन्नाव्या वर्षी माणसास असे काही वाटू शकते हे मला ठाऊक नव्हते. तुम्ही मंडळी रविवारी कशासाठी निघता ते थोडेसे समजले.

तीस वर्षे मुलांस पत्रलेखन शिकवले. स्वतःच्या मुलास दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही. तू निरोप न घेता गेलास ही तुझी चूक. ती मी सात वेळा बोलून दाखवली आहे. पुढची सर्व माझी. ती येथे एकदाच लिहितो.

शनिवार, ता. १९ रोजी मी रजा टाकली आहे. कुसुम म्हणते, नोकरीत लागल्यापासून मी घेतलेली ही पहिलीच किरकोळ रजा. त्या दिवशी दापोडीस येऊन तू ज्या यंत्रावर काम करतोस ते पाहावे असे मनात आहे. आत येण्यास परवानगी लागत असेल तर तुझ्या साहेबांना आधी विचारून ठेव. मी शिक्षक आहे व तुझा बाप आहे, दोन्ही सांग. यंत्राची नावे एका कागदावर लिहून ठेवलीस तर मला समजण्यास सोपे जाईल.

चाकणपर्यंतचा रस्ता माझा मी येईन. पुढे नाशिक रस्त्यावर ट्रक फार असतात आणि त्यांची मला अद्याप धास्ती वाटते. तरी तू सकाळी सातला चाकणला येऊन थांबावेस. मी तुझ्या मागे मागे येईन. फार जोरात जाऊ नये.

उत्तर कुसुमच्या नावे न धाडता माझ्या नावे धाडावे.
तुझा,
आप्पा