तिसरी घंटा पुरस्कार आणि माझे कान

दिंडोशी, गोरेगाव (पूर्व)
मंगळवार, दुपारची सामसूम

ती. राधाताईस,

धाकट्या चंद्रप्रकाशचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं इथे दिंडोशीत आणि पाय तिकडे आचऱ्याला, पण तू मनाने जुळवून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला उतरला का? आणि त्यांना दशावतारात अजून राजाचंच काम देतात, की आता ऋषींवर आणलं? फोन केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि अख्खी वाडी पडवीत बसून ऐकते. मागे मी पित्ताच्या गोळ्या सुरू केल्याचं सांगितलं, तर तिसऱ्या दिवशी तिठ्यावरच्या किराणावाल्याने मला आवळ्याचा उपाय कळवला. म्हणून हे पत्र. एकटीने वाच.

आधी एका वस्तूची खरी किंमत सांगतो. लाकडी चौथऱ्यावर बसवलेली पितळी घंटा, वीतभर उंच, खाली पट्टी. दुकानदाराचे पैसे मंडळाच्या वर्गणीतून गेले, ते सोडून दे. मला ती पडली अशी: एका नटीचा अबोला, एका निर्मात्याच्या तोंडची आपल्या आईवरून शिवी, मोठ्या कढईतला एक घाणा करपलेले वडे, आणि एका बाईची चालू नोकरी. एवढी महाग वस्तू आपल्या घराण्यात आजवर कुणी घेतलेली नाही. आणि घेतल्या घेतल्या मी ती देऊन टाकली.

तुला माहीत आहेच, बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आपल्याकडे एक स्टोव्ह आणि एक कढई एवढंच उरलं होतं. त्या कढईवर मी उभा राहिलो. आज इथल्या नाट्यगृहाचं कँटीन माझं आहे, कोर्टासमोर चहाची दुसरी गाडी आहे, आणि वकील मला शेठ म्हणतात (उधारी असते तेव्हा). यातलं काहीही मला कुणी पढवलेलं नाही. कुणाशी काय बोलायचं, कुठे थांबायचं, कुठल्या शब्दाने माणूस पाघळतो, हे सगळं मी आपल्या आपण शिकलो. मला आयुष्यात कुणी पाठीमागून शब्द पुरवावे लागले नाहीत. हे वाक्य भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव.

आता माझ्या कानांबद्दल. आमचं स्वयंपाकघर रंगमंचाच्या डाव्या बाजूला, विंगेला चिकटून आहे. मधल्या भिंतीत एक लाकडी झडप आहे, तिच्यातून नटांना चहा द्यायचा. झडपेतून बघितलं तर एक काळा पडदा आणि एक निळा दिवा, बाकी काही नाही. पहिला अंक चालू असतो तेव्हा मी मध्यंतराचे वडे तळत असतो, दुसरा चालू असतो तेव्हा कपबश्या विसळत असतो. म्हणजे इतकी वर्षं नाट्यगृहात राहून मी एकही नाटक पाहिलेलं नाही, पण ऐकलेलं एकही सोडलेलं नाही. हशा पोटातून आला की नुसता तोंडातून, हे मला भिंतीपलीकडून कळतं. लोक खोकायला लागले की मी बटाटे कमी उकडायला सांगतो. त्या नाटकाला पुढच्या प्रयोगाला गर्दी नसते. एकदाही चुकलेलो नाही.

यावर फिदा झालेली एक टोळी आमच्याकडे रोज बसते. नाव 'तिसरी घंटा मंडळ'. अध्यक्ष अंबादास, पालिकेतून निवृत्त, नाटकाला शर्ट इस्त्री करून येणारा. श्वेता बँकेत आहे, ती नाटक बघून रडते आणि मग त्यातल्या चुका काढते. आणि मिहिर, कॉम्प्युटरवाला, त्याला टीव्हीवरच्या प्रत्येक पुरस्कार सोहळ्यात कुणी काय घातलं होतं ते पाठ असतं. गेल्या हिवाळ्यात तो ओळखीने इथल्याच एका स्टुडिओत असा सोहळा बघून आला आणि दोन दिवस जेवला नाही.

"टाळ्या आधीच शूट करून घेतल्या, काका! स्टेजवर कुणी नाही आणि आम्ही उभं राहून टाळ्या वाजवतोय."

"आणि बक्षीस कुणाला?" अंबादासने विचारलं.

"जो आला त्याला. जो नाही आला त्याचं नॉमिनेशन होतं म्हणे."

"वाट लागली या कलेची," असं म्हणून अंबादासने माझा तिसरा चहा फुकट घेतला, आणि तिथल्या तिथे ठराव झाला की आपण खरा पुरस्कार काढायचा. परीक्षक असा हवा की ज्याला नटाचा चेहरा, कपडे, ओळख कशाचीच भुरळ नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नको नको म्हटलं (एकदाच म्हटलं, जास्त ताणलं नाही).

ताई, आता जरा सावकाश वाच.

'बोटीवरून आलेला नवरा' नावाचं एक नाटक आमच्याकडे महिन्यातून तीनचारदा लागतं. नायिका रेवती, सीरियलमधली, दिवसभर इथल्याच स्टुडिओत शूटिंग करून संध्याकाळी धापा टाकत येते. निर्माता देवेश, तोच नवऱ्याचं काम करतो. दुसऱ्या अंकात नवरा बऱ्याच वर्षांनी घरी येतो आणि ती त्याला म्हणते, "तुम्ही गेलात त्या दिवसापासून मी दार लावलं नाही. वारा येऊन गेला, मांजर येऊन गेली, पाऊससुद्धा आत येऊन बसला. आता तुम्ही आलात, तर बसा. थोडं सरकून बसावं लागेल."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात बशी होती. झडपेतून निळा उजेड नळाच्या धारेवर पडला होता, आणि तो आवाज असा आला की जणू कुणी झोपलेल्या माणसाशी बोलतंय. त्याला कळावं पण जाग येऊ नये. नळ मी कधी बंद केला ते कळलं नाही. आणि त्यातली खरी गंमत पुढे. ती बाई प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायची! आधी हळू, स्वतःशी; मग मोठ्याने, लोकांसाठी. मी थक्क झालो. खऱ्या आयुष्यात माणूस तसंच करतो ना गं? आधी मनात म्हणून बघतो, मग बाहेर काढतो. हे आजवर कुठल्या नटाला सुचलं नव्हतं. दुसरं म्हणणं मला तेवढं आवडायचं नाही, जरा ओरडल्यासारखं वाटायचं. पण ते पहिलं! पुढे पुढे त्या नाटकाच्या दिवशी मी मुलांना लवकर घरी पाठवून कपबश्या एकटा विसळायला लागलो, पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून एकेक. घरी गेलो तरी तो आवाज खोलीत असायचा. पंखा बंद करून पडायचो.

(याच झडपेतून चहा घ्यायला विंगेतून एक हात यायचा. हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, बोटाला शाईचा डाग. नाटक चालू असताना बोलायची सोय नाही, म्हणून मी कप ठेवायचो, हात कप घ्यायचा, आणि जाताना झडपेच्या कडेवर एकदा हलकी टिचकी मारायचा. तेवढीच ओळख.)

तर मागे एका सोमवारी सकाळी, हॉल स्वस्तात मिळतो म्हणून, सोहळा झाला. मंडळ, नाटकवाले, वसाहतीतली माणसं, बरी गर्दी होती. मी नवा सदरा घालून पहिल्यांदाच रंगमंचावर गेलो. समोरून तो केवढा दिसतो आणि वरून केवढुसा! मी जाहीर केलं, सर्वोत्कृष्ट अभिनय, रेवतीताई. टाळ्या पडल्या. तिथे थांबलो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण परीक्षकाने कारण द्यायचं असतं, असं अंबादासने सांगितलं होतं. मी म्हटलं, या बाईंची खासियत अशी की प्रत्येक वाक्य त्या आधी हळूच स्वतःशी म्हणतात आणि मग तुम्हाला सांगतात.

हॉल चिडीचूप. मला वाटलं, लोक भारावले. म्हणून मी आणखी खुलवून सांगितलं, की पानभर वाक्य असलं तरी त्या सोडत नाहीत, अगदी "चहा घेणार का?" एवढंसुद्धा आधी स्वतःशी म्हणून घेतात. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. देवेशने कपाळाला हात लावला.

अंबादास माझी बाही ओढत म्हणाला, "चंद्रप्रकाश, पुरे."

"पुरे काय, आता तर रंगतंय!"

रेवती वर आली. हसत होती, पण ते हसणं टीव्हीतलं, डोळ्यांपर्यंत न गेलेलं. ट्रॉफी घेतली, माइकपुढे उभी राहिली, म्हणाली, "आज..." आणि थांबली. मान आपसूक डावीकडे वळली. आणि डाव्या विंगेतून, अगदी हळू, झोपलेल्या माणसाशी बोलावं तसा आवाज आला: "आज मला फार आनंद होतोय."

"आज मला फार आनंद होतोय," रेवती म्हणाली.

हॉल फुटला गं. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. मला ते लांबून ऐकू येत होतं, पाण्याखालून आल्यासारखं. मधे झडप नसताना तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वळून बघितलं, तर काळा पडदा धरून एक बाई उभी: चष्मा, सुती साडी, काखेत संहितेची वही, आणि हातात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या. प्रॉम्प्टर. नाव कुंदाबाई. रेवतीला दिवसभराच्या शूटिंगमुळे पाठांतराला वेळ नसायचा, म्हणून अख्खं नाटक ही बाई विंगेतून तिच्या तोंडात घालत होती. समोर बसलेल्या एकालाही कधी ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं ते फक्त मला.

पुढे काय झालं याबद्दल दोन मतं आहेत. रेवती म्हणते, मी तिच्या हातातून ट्रॉफी हिसकावली. मिहिरने काढलेल्या व्हिडिओत मी "माफ करा हं" म्हणून ती हळूच उचलताना दिसतो. (हा व्हिडिओ आता दिंडोशीपासून मानखुर्दपर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.) मी ती नेऊन कुंदाबाईंच्या हातात दिली. त्यांनी घाबरून वहीत बघितलं आणि कुजबुजल्या, "अहो, हे नाटकात नाहीये."

खाली घाणा करपला. देवेशने शिवी दिली आणि त्याच दुपारी कुंदाबाईंना काढलं. ज्याचा आवाज लोकांना ऐकू आला तो प्रॉम्प्टर कसला, असं त्याचं म्हणणं. मी दोनदा त्याच्या घरी गेलो, चूक माझी आहे, बाईंची नाही, म्हणून सांगितलं. ढिम्म. रेवतीने मात्र इरेला पेटून अख्खं नाटक पाठ केलं. मंडळ म्हणतं, आता झकास करते, पुढच्या वर्षी तिलाच द्यावं लागेल. असेल. मला आता प्रत्येक वाक्य एकदाच ऐकू येतं, आणि ते दुसरं.

कुंदाबाई दुसऱ्या दिवशी ट्रॉफी परत करायला आल्या. एकट्याच आहेत, मानखुर्दला भावाकडे राहतात, आईवडिलांचं करता करता लग्न राहून गेलं (आपल्याकडे कुणाचं कसं राहिलं ते तू जाणतेसच). मी म्हटलं, घंटा तुमचीच आहे. त्या म्हणाल्या, "घंटेने घर चालत नाही, शेठ." शेवटी श्वेताने तोड काढली: नाटक नसेल त्या दुपारी कुंदाबाईंनी कँटीनमध्ये मंडळाला जुनी नाटकं वाचून दाखवायची, प्रत्येकाने वर्गणी द्यायची. तेव्हापासून त्या येतात. सगळे समोर गोल करून बसतात. माझीही खुर्ची असते. पण समोर बसलं की मला त्यांच्या चष्म्याशिवाय काही सुचत नाही आणि एक अक्षर ऐकू येत नाही. म्हणून मी आत जातो, दिवा मालवतो, पीठ मळतो आणि दाराच्या फटीतून ऐकतो. दुपारचं ऊन फरशीवर येऊन बसलेलं असतं. वाचता वाचता त्या थांबतात, तेव्हा मीही मळायचा थांबतो.

पण हे पुढच्या महिन्यापर्यंतच. मुलुंडच्या एका नाटक कंपनीने त्यांना पक्कं काम दिलंय. चांगलंच झालं, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मुलुंडहून इकडे यायला त्यांना कारण उरणार नाही, एवढंच.

असो. आम्ही सगळे मजेत आहोत. तुझ्याकडे मागणं काहीही नाही. भाऊजींना नमस्कार, वाडीला मोघम.

तुझा,
चंद्रप्रकाश

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. कोकमाची सोलं पाठव. म्हणजे सोलं आहेत, पण तू स्वतः घेऊन आलीस तर बरं. म्हणजे तसं कारण असं काही नाही. तू दहा वर्षं ज्या विषयावरून माझ्या मागे लागली होतीस आणि मी ज्या विषयावरून फोन ठेवायचो, त्या विषयाचं म्हणजे असं आहे की (पुढचं तीनदा लिहून खोडलं. पत्र परवापासून गल्ल्याखाली पडून आहे.)

ता. क. दुसरा. ताई, या महिनाअखेरच्या आत चार दिवस सवड काढून ये. येताना तुझं हिरवं पातळ नेसून ये. मानखुर्दला कुंदाचा भाऊ आहे, मिहिर गाडीने नेईल. गेल्यावर आधी चहा घे. मग त्यांच्या आईच्या फोटोकडे बघून चार शब्द बोल. मग थोडं थांब. घाई करू नकोस, त्या थांबण्यातच अर्धं काम होतं. आणि मग सरळ विचार: माझा भाऊ भला आहे, हात स्वच्छ आहेत, मुलुंडला रोज डबा पोचवायची त्याची तयारी आहे, तुमची बहीण आम्हाला द्याल का? नाही म्हणणार नाहीत.

ता. क. शेवटचा. वरचा दुसरा ताजा कलम कुंदाबाईंनी सांगितला. मी नुसता लिहून घेतला.