वजा ब्याऐंशी

४ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७:१५

आजपासून दोन मोहिमा. पहिली: माझं वजन ८२ वरून ७५. दुसरी: बायकोच्या मांजरीचं वजन ३ किलो ४०० वरून वर, जमेल तितकं. मुदत दोन्हींची एकच. बायको लेकीचं बाळंतपण उरकून येईपर्यंत, म्हणजे पाच आठवडे.

बायको गेली त्या दिवसापासून मांजरीने वाटीला तोंड लावलेलं नाही. चौदा वर्षांची म्हातारी, नखरे नव्या नवरीचे. मी तिला बाईसाहेब म्हणतो. बायकोने जाताना दहा वेळा बजावलं की हिला जपा, दुसरं काही मागत नाही. मी म्हटलं, मांजर आहे, राजघराण्यातली नाही.

तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण म्हणजे कालची पोर. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर, आणि शोधत होती तिसरा. म्हणाली, मूत्रपिंडं थकली आहेत, खाल्लं तर तग धरेल. भूक वाढवायचं मलम दिलं. बोटाच्या पेराएवढी पट्टी, कानाच्या आतल्या बाजूला, रोज एकदा, चौदा दिवस. साइड इफेक्ट म्हणून थोडी ओरडेल, अस्वस्थ होईल. फार झालं तर फोन करा, मनाने काही करू नका. वजन तीनच्या खाली गेलं तर लगेच घेऊन या.

शेवटी हातमोज्यांवर प्रवचन. आणि ते मला. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून बावीस वर्षं मी लोकांना हातमोजे घालायला लावतोय. ती बोलत होती तेवढा वेळ मी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं वाचत होतो. मुदत संपून सात महिने झालेत. म्हणे डॉक्टर.

५ मार्च, मंगळवार. सकाळी ६:१०

वजन करायची माझी पद्धत. बाथरूममधल्या काट्यावर आधी एकटा उभा राहिलो. ८२.०. मग बाईसाहेबांना घेऊन. ८५.४. वजा ब्याऐंशी, राहिले ३.४. दवाखान्यातल्या काट्याशी तंतोतंत जुळलं. रोज रोज एकटं उभं राहायची गरज नाही, ८२ हा आकडा आता कायम. मी डाएटवर असल्यामुळे माझं वजन उतरतच जाणार, म्हणजे मांजर प्रत्यक्षात वहीत दिसते त्याहून थोडी जडच असणार. पण बढाया मारणं माझ्या स्वभावात नाही.

मलम लावलं. बोटाने. मऊ आहे, वास नाही.

६ मार्च, बुधवार

मलमाचा साइड इफेक्ट सुरू. पहाटेपासून घरभर ओरडत फिरते आहे. या खोलीतून त्या खोलीत, बायकोच्या कपाटासमोर थांबायचं, गळा काढायचा, पुढे चालू. कपाट उघडून दाखवलं. आत नुसत्या साड्या. तरी समाधान नाही. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक ना. या माणसाला पेन्शन दुसऱ्यांच्या दारात उभं राहण्यासाठीच मिळते.

वाटीतलं अर्धं मात्र खाल्लं.

७ मार्च, गुरुवार

ओरडणं चालूच. डॉक्टरणीला फोन करणार नव्हतोच. तिने चूक केली आणि ती तिलाच विचारायची, हा शहाणपणा मला कुणी शिकवलेला नाही. डोस जास्त आहे हे उघड आहे. स्वतः उपाय शोधला. नाव दिलं: दोन मिनिटांची पद्धत. पट्टी लावायची, घड्याळ लावून दोन मिनिटं थांबायचं, मग सगळं बोटाने निपटून काढायचं. शरीराला हवं तेवढं शरीर घेतं.

निपटलेलं फुकट का घालवायचं? कोपरांना चोळलं. थंडीपासून फुटलेली आहेत.

८ मार्च, शुक्रवार. सकाळी ६:१०

पद्धत यशस्वी. ओरडणं बंद. काटा ८५.६. वजा ब्याऐंशी, ३ किलो ६००. पोरीने शिकायला काय पाच-सहा वर्षं घातली असतील, मी दोन मिनिटांत दुरुस्त केलं.

बायकोला फोनवर सांगितलं, २०० ग्रॅम वाढली. बायको म्हणाली, खरंच? मला हा प्रश्न आवडला नाही.

डाएट: रात्री फक्त सूप. सूपसोबत पाव, कारण नुसतं सूप पोटात डुचमळतं. चार पाव.

१२ मार्च, मंगळवार

८६.१. म्हणजे ४ किलो १००. वाटी मात्र जशीच्या तशी भरलेली असते. याचा अर्थ खाल्लेलं अंगी लागतंय. थोडं खाऊन जास्त वाढायचं, हे मलमाचं खरं काम, आणि ते डॉक्टरणीलाही ठाऊक नसावं.

आज कारखान्यात फिटरचा डबा चुकून माझ्याकडून संपला. चुकून म्हणजे तो टेबलावर होता आणि मी टेबलाशी होतो. फिटरने तोंड वाकडं केलं. त्याला सुरक्षा चष्म्याच्या दोरीवरून मेमो दिला.

कोपरं लोण्यासारखी झाली आहेत. आता टाचा.

१४ मार्च, गुरुवार. दुपारी ३:४०

नव्या कामगारांसमोर सुरक्षेवर व्याख्यान होतं. विषय: रसायनं आणि त्वचा. दुसऱ्या स्लाइडपर्यंत पोचलो. नंतरचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा खोली रिकामी आणि माझ्या टेबलावर कुणीतरी 'काम चालू आहे, आवाज करू नये' ही पाटी आणून ठेवलेली. वेल्डरचं अक्षर मी ओळखतो. या लोकांना विषयाचं गांभीर्यच नाही.

झोप येते ती उन्हाळ्याने. भूक लागते ती डाएटने. दोन्ही शास्त्रशुद्ध आहे.

१६ मार्च, शनिवार. रात्री ९:३०

सकाळी ८६.६. म्हणजे ४ किलो ६००. बायकोला सांगितलं. तिने मांजरीचा फोटो मागितला. काढून पाठवला. तिचा लगेच फोन: पाठीचा कणा दिसतोय हो. मी म्हटलं, प्रकाश बाजूने आला की कणा दिसतोच, माझाही दिसेल. ती मग म्हणाली, तुमचा नाही दिसणार.

उचलताना मलाही हलकी वाटली. पण वाटण्याला काय अर्थ आहे? आकडा समोर आहे.

आज दिवसभर माझ्या पायांशी बसून होती. चौदा वर्षांत कधी बसली नव्हती. उठवत नाही म्हणून मीही बसून राहिलो आणि बसल्या बसल्या बिस्किटांचा पुडा संपवला. तिला एक दिलं. तिने वास घेतला आणि मान माझ्या पायावर टेकली. हाडं टोचली. बरं वाटलं, कबूल करतो.

१८ मार्च, सोमवार. संध्याकाळी

सकाळी ८६.९, म्हणजे ४ किलो ९००. चौदा दिवस पूर्ण. दीड किलोची वाढ दाखवायला छाती काढून दवाखान्यात गेलो.

त्यांच्या काट्यावर २ किलो ८००.

मी शांतपणे सांगितलं की काटा बिघडला आहे. डॉक्टरीण म्हणाली, आजच तपासलाय. मी विचारलं, तपासणीचं सर्टिफिकेट कुठे आहे. तिने भिंतीकडे बोट केलं. होतं. तरी मी म्हटलं, सर्टिफिकेट काय, आग विझवायचं नळकांडंही भिंतीवरच असतं. आणि तिचा काटा खोटा ठरवण्यासाठी, खोलीत सहा माणसं आणि तीन कुत्री बसलेली असताना, मोठ्या कुत्र्यांच्या काट्यावर मी स्वतः उभा राहिलो.

८४.१.

 एक कुत्रं जांभई देऊन खाली बसलं. मी मनात बेरीज केली. ८४.१ आणि २.८. दोनदा केली. दोन्ही वेळा ८६.९ आले.

डॉक्टरीण माझ्या कोपरांकडे बघत होती. मलम कोण लावतं, कसं लावतं, हातमोजे घालता ना, असं विचारत गेली. दोन मिनिटांच्या पद्धतीबद्दल मी सांगितलं, अभिमानाने सांगायला सुरुवात केली होती, शेवट तसा झाला नाही. तिने दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. म्हणाली, हे मलम कातडीतून आत जातं. मांजरीच्या आणि माणसाच्याही. भूक वाढते, झोप येते.

"काका, तुम्हाला हल्ली भूक जास्त लागते का?"

माझ्या तोंडात तिच्या काउंटरवरच्या बरणीतलं बिस्किट होतं. कुत्र्यांचं होतं हे बरणीवर लिहिलेलं नंतर दिसलं.

बाईसाहेबांना सलाइनसाठी ठेवून घेतलं. पुढच्या पायाचे केस काढले. पाय काडीएवढा आहे. चौदा दिवस ती उपाशी होती आणि मी तिच्या वाटणीची भूक कोपरांना चोळत होतो.

मलमाच्या सूचनापत्रकाची अक्षरं फार बारीक आहेत. याबद्दल कंपनीला लिहिणार आहे.

१९ मार्च, मंगळवार

कंपनीला लिहायला बसलो. सूचनापत्रक शोधलं. सापडलं, घडी न मोडलेलं. पहिल्या ओळीत हातमोजे. जाड अक्षरांत.

पत्र रद्द.

दवाखान्याच्या कागदांवर नंबर बायकोचा आहे, त्यामुळे तिला माझ्या आधी कळलं. फोनवर ती ओरडेल अशी माझी तयारी होती. उत्तरंही काढून ठेवली होती, सहा. ती एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला एकच गोष्ट सांगून गेले होते." सहापैकी एकही उत्तर याला लागू पडेना.

बाईसाहेब वाचल्या नाहीत तर बायको घरात येईल आणि मला काही बोलणार नाही. पुढची कितीही वर्षं. मला भीती वाटते आहे.

२१ मार्च, गुरुवार

बाईसाहेबांना दवाखान्यातून सोडलं, पण घरी नाही. बायकोने परस्पर आपल्या बहिणीला पाठवलं. मेव्हणीने टोपली उचलली, मलमाची नवी ट्यूब उचलली, निळ्या हातमोज्यांचा खोका उचलला. मी दार धरून उभा होतो. म्हटलं, हातमोजे बरोबर मापाचे घ्यायला हवेत, सैल असले की पकड सुटते. तिने माझ्याकडे पाहिलं. या बाईला शाळेत गणितात काठावर पास केलं होतं.

बाईसाहेब टोपलीत दुसरीकडे तोंड करून बसल्या होत्या.

२४ मार्च, रविवार. दुपारी

मेव्हणीचा निरोप, खाते आहे, ओरडतेही आहे, आम्ही ओरडू देतो. वजन ३ किलो ५० ग्रॅम. ऐकीव माहितीवर माझा विश्वास नाही, म्हणून तपासणीला गेलो.

सोफ्यावर बसली होती. मी हात पुढे केला. नुसतं बोट, रिकामं. तिने दोन्ही कान मागे चपटे करून डोक्याला चिकटवले आणि सोफ्याखाली गेली. मी गुडघ्यांवर बसून हाक मारली. बाईसाहेब म्हटलं. मग बायको तिला ज्या नावाने हाक मारते त्या नावानेही मारली. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं असेल. मेव्हणीचा नवरा टीव्हीचा आवाज कमी करून बघत राहिला.

तिच्या जेवणाची वेळ झाली. मेव्हणीने वाटी भरून सोफ्यासमोर ठेवली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ती बाहेर येईना. शेवटी मेव्हणी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जरा बाहेर बसता का? तुम्ही असलात की ती खाणार नाही."

बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. मेव्हणीने दार लोटून घेतलं. बराच वेळ काहीच नाही. मग फरशीवर वाटी सरकल्याचा आवाज आला, मग चाटण्याचा. पूर्ण संपेपर्यंत मी पायरीवरून हललो नाही.