टाचणीची पानं

मंगळवार, ४ मार्च
डोकं उठलं! वाचनगटात आज एआय. ग्रंथपालाने फळ्यावर मधोमध रेघ मारली — इकडे फायदे, तिकडे धोके. कंपाउंडर म्हणाले, "एक्स-रे बघून दुखणं सांगतं म्हणे, डॉक्टरच्या आधी." मी म्हटलं, "आणि चुकलं तर? माझ्या हातून पँट आखूड झाली तर गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. याच्याशी कुणी भांडायचं?" सगळे हसले. पण धोक्यांत लिहिलं हो ते! बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गणिताच्या बाई नुसत्या ऐकत होत्या. नजर गेल्यापासून सगळ्यांचं ऐकून घेतात, मग एकच वाक्य टाकतात.

गटाचं हे एआयवरचं पुस्तक उशीएवढं जाड. रोज चारला बाईंच्या घरी जाऊन मीच त्यांना वाचून दाखवते, आधीची पुस्तकंही मीच वाचली. दोन वर्षं झाली. हे गेले, त्यानंतर महिन्याभरात बाईंचा निरोप — "मला वाचून दाखवायला कुणी नाही गं." नाही कसं म्हणणार? पाचवीत शाळा सुटलेली मी, आणि गणिताच्या बाईंना वाचून दाखवते! अडखळले की म्हणतात, "चालव सुई पुढे."

बुधवार, ५ मार्च
आज वीस पानं. खरं म्हणजे सतरा. अवघड मजकूर आला की मी उडी मारते. तिथे टाचणी लावते, कापडाला लावतो तशी — नंतर बघू. नंतर कुठलं बघतेय! पुस्तकाला किती टाचण्या झाल्यात ते मोजायची हिंमत नाही. बाईंना काही कळत नाही. पाप लागणार मला.

शनिवार, ८ मार्च
चारला गेले तर ग्रंथपाल बसलेला. एक अ‍ॅप आहे, फोन पानावर धरला की फोन वाचतो म्हणे — "बाईंच्या फोनात टाकून देतो." बाईंचा फोन घेऊन थोडा वेळ त्यात खालीवर करत बसला. बाईंनी त्याचा हात दाबला. मग त्याने पान धरलं. घडाघडा! कुठे ठेच नाही, खोकला नाही. "मावशी, सुटलात तुम्ही आता!"

सुटले म्हणे. मेल्या, मी कुठे अडकले होते?

चहा अर्धा टाकून आले.

रविवार, ९ मार्च
गेले नाही. चार वाजता मशीनवर बसले. दोरा तीनदा तुटला.

सोमवार, १० मार्च
बाईंचा फोन आला. "बरी आहेस ना?" म्हटलं, ऑर्डर आहे मोठी. कसली ऑर्डर! एक उशीचा अभ्रा.

मंगळवार, ११ मार्च
आज बाई बोलल्या. "एकशेबाराव्या पानावर आहे — काम यंत्राला द्या, पण त्या कामासाठी घरी येणारं माणूस कुठे जातं, तेही बघा." ग्रंथपाल म्हणाला, "फायद्यात लिहू की धोक्यात?" "रेघेवर लिही," बाई म्हणाल्या.

माझे कान तापले. एकशेबारा मी वाचलंच नव्हतं! तिथे टाचणी आहे.

घरी सोडताना बाईंनी नेहमीसारखं कोपर धरलं. मला राहवेना. "बाई, मी पानं गाळते."

"ठाऊक आहे. टाचण्या बोटाला लागतात माझ्या."

"मग ओरडला का नाहीत?"

"चाळीस वर्षं ओरडले, पुरे झालं. गाळलेलं फोनकडून ऐकते."

"मग सगळंच ऐका की त्याच्याकडून!"

"चिडतेस किती! पायरी आली का?"

"आली."

"उद्या चारला ये. तो फोन चिडत नाही गं, काही मजा येत नाही."

बुधवार, १२ मार्च
ग्रंथपाल अभ्रा न्यायला आला. त्याचाच होता. मान खाली घालून उभा. म्हणाला, "मावशी, शनिवारी मी काही टाकलंच नाही. ते अ‍ॅप बाईंच्या फोनात आधीपासून होतं. जुनी वाचलेली पानं दिसतात त्यात, तारखेसकट. तुमच्या घरचे काका गेले त्याच्याही आधीची आहेत. बाईंनी हात दाबला, म्हणून गप्प बसलो."

पावणेचार झालेत. एकशेबारापासून सुरू करणार. एकही ओळ गाळणार नाही — कितीही वेळ लागू दे.