पंचेचाळीस दिवसांत खत

४ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून घरातली एकही साल, एकही देठ गेटबाहेर जाणार नाही. इंदूर स्वच्छतेत नंबर वन आहे, ठीक आहे, पण ते कचरागाडीच्या भरवशावर. मी त्याच्याही पुढे जाणार. सियागंज बाजारातून निळा ड्रम आणला, भोकं पाडून घेतली. ऐंशी लिटर. पंचेचाळीस दिवसांत खत.
जागा: बेडरूमची बाल्कनी. सुमनची खुर्ची तिथून काढावी लागली. ती म्हणाली, किचनमागे ठेवा ना. तिथे सावली नाही. पंप कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलंय, जागा मला कळते.

६ नोव्हेंबर
फ्रिजवर नियम लावले. साल एक इंचाहून मोठी नको. सुमनने विचारलं, कापणार कोण. सुरी तिच्या हातात असतेच, हे समजावलं.

१३ नोव्हेंबर
रोज ढवळणं गरजेचं. माझा खांदा दुखतो, म्हणून ढवळणं सुमनकडे, सुपरव्हिजन माझ्याकडे. ती वासाची तक्रार करते. तो वास नाही, प्रोसेस आहे.

२२ नोव्हेंबर
अळ्या झाल्या. अत्यंत शुभ लक्षण, खताच्या व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय. एक सुमनच्या उशीवर निघाली. ती हॉलमध्ये झोपायला गेली. बरंच झालं, आता मला पूर्ण पलंग.
तिला खोकला आहे. हवा बदलतेय.

१ डिसेंबर
खालचे रघुवीरजी वर आले. ड्रममधून काळं पाणी गळून त्यांच्या आईच्या वाळत घातलेल्या वड्यांवर पडलं. हे पाणी झाडांना अमृत असतं, म्हणून एक बाटली भरून देऊ केली. घेतली नाही. म्हणाले, अरविंद भिया, अम्मा सुबह से रो रही है. वड्यांसाठी कोण रडतं.
त्यांच्याकडूनच कळलं: कॉलनीत ‘हरित घर’ स्पर्धा आहे. वीस जानेवारीला कमिटी बघायला येणार, सव्वीसला सत्कार. नाव लगेच दिलं.

१० डिसेंबर
सुमन आडवी होऊ शकत नाही, भिंतीला टेकून बसून झोपते. म्हणाली, ड्रम हलवू या का. सव्वीस जानेवारीनंतर नक्की, असं वचन दिलं. तिला आल्याचा काढा घ्यायला सांगितलं. आलं कुठे असतं मला ठाऊक नाही, तिनेच केला. माझ्यासाठी चहाही टाकला.

१९ डिसेंबर
पंचेचाळीस दिवस पूर्ण. झाकण उघडलं. आत खत नाही, आंबलेल्या कढीसारखं काहीतरी. कारण शोधायला ड्रममधून भोपळ्याची एक साल काढून स्केलने मोजली: दीड इंच. सुमनला दाखवली. ती स्केलकडे बघत राहिली. चूक कबूल करायला हिंमत लागते, ती सगळ्यांत नसते.

३ जानेवारी
हातोदच्या नर्सरीतून तयार खताची दोन पोती आणली. रेफरन्स सॅम्पल म्हणून. वरच्या थरात पसरलं. सुमनने पोत्याचं तोंड धरलं होतं. मधेच थांबली, दम लागला, मग म्हणाली, “अहो, मग मी दोन महिने काय ढवळत होते?”
अनुभव महत्त्वाचा, असं सांगितलं.

११ जानेवारी, दुपार
सुमन बाथरूममध्ये खाली बसली ती उठेना. ओठ निळसर. रघुवीरजींनी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर शिखाजी, तरुण आहेत, जरा रोखून बघतात. फुप्फुसात बुरशीची ॲलर्जी म्हणाल्या. घरात ओलसर कचरा, सडकं खत असं काही आहे का? मी नाही म्हटलं. स्पर्धेला नऊ दिवस आहेत आणि कॉलनीत बातम्या फार पसरतात.
सुमनने तोंडावरचा मास्क बाजूला केला. “आहे. रोज मीच ढवळते.”
डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग मला विचारलं, आप इनके कौन हैं?

१५ जानेवारी
डिस्चार्ज. प्राची पुण्याहून आली आहे आणि आईला घेऊन जाणार म्हणते. मी म्हटलं, वीस तारखेला कमिटी येते, चहाचं कोण बघणार. सुमनने वीस मिनिटांत बॅग भरली. एवढं जलद पॅकिंग तिने आमच्या कुठल्याच ट्रिपला केलं नव्हतं.

२० जानेवारी
कमिटी आली: रघुवीरजी आणि अध्यक्ष जयसिंगराव. वरचा थर बघून जयसिंगराव खूश, चिमटीत घेऊन हुंगलं, क्या बात है म्हणाले. मग रघुवीरजींनी कोपऱ्यातली काठी उचलून तळापर्यंत खुपसली. बाहेर आली तेव्हा जयसिंगराव बाथरूमकडे धावले. पोचले नाहीत. मलाच पुसावं लागलं.
शेरा: अपात्र. सॅम्पलिंगची पद्धत चुकीची होती. लेखी कळवणार आहे.

२७ जानेवारी
काल सत्काराला गेलो नाही. खिडकीतून टाळ्या ऐकू येत होत्या. आज दोन माणसं लावून ड्रम काढला. दोघांनी नाकाला रुमाल बांधले होते. त्यातला एक जिन्यात म्हणाला, यहाँ कोई रहता भी है क्या. बाल्कनी फिनाइलने तीनदा धुतली. मी स्वतः. खांदा दुखला नाही.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
सुमनला फोन केला. आधी प्राचीने उचलला, मग सुमन. ड्रम काढल्याचं सांगितलं. बेडरूम स्वच्छ आहे, चादर बदलली आहे, तिकीट कधीचं काढू, विचारलं.
ती म्हणाली, “राहू द्यायचा होता ना ड्रम. मी नाही येत आता.”
आवाज स्वच्छ होता. खोकला नाही, धाप नाही. पूर्ण बोलली, एका दमात.